फौजी काकांचा डबा, आजीचा येसर आणि चान्या



आजची नोंद कपाशीवर नाही आणि मक्यावरही नाही. आज मटणावर लिहितोय. माळकरी मंडळींनी ही नोंद सोडून दिली तरी राग नाही, पुढच्या वेळी तुरीच्या शेंडेखुडणीवर बोलूच.

तरी विषय आपलाच आहे. आपल्याला पिकवता येतं, पाळता येतं. अडतं ते टिकवण्यावर. कांदा असो, टोमॅटो असो, नाहीतर दावणीचा बोकड असो, आज निघाला की आज विकायचा, आणि भाव समोरच्यानं सांगायचा. ज्याच्याकडं टिकवायची सोय, भाव त्याच्या हातात. ही गोष्ट मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी एका पत्र्याच्या डब्यात बघितली होती.

माझे धाकटे काका फौजेत होते. ऐंशीच्या दशकात त्यांची पलटण लडाखकडं होती. वर्षाकाठी दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. मनमाडला गाडी बदलायची, मग छोट्या लाईनच्या गाडीनं लासूर स्टेशन, तिथून एसटीनं गंगापूर, आणि पुढं आमच्या वस्तीपर्यंत बैलगाडी. गाडीत काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. पेटी उघडायची ती सगळं घर भोवती बसल्यावर. वर गरम कपडे, मग जर्दाळू आणि अक्रोड, मोठ्या माणसांसाठी कागदात गुंडाळलेली एक बाटली, आणि एकदम तळाला आपल्या वाट्यातून वाचवून आणलेले दोन-तीन डबे. त्यांच्यावर चित्र नाही, रंग नाही. नुसता पिवळट पत्रा आणि त्यावर ठोकलेली अक्षरं. आत शिजवलेलं मटण.

आमच्या घरात वशाट आतल्या चुलीवर शिजत नसे, अजूनही शिजत नाही. अंगणाच्या कडेला तीन दगडांची चूल, भांडी वेगळी, पळी वेगळी. डबाही तिथंच उघडायचा. काकांकडं बोटाएवढी घडीची किल्ली होती. ती कडेला रुतवून कट-कट करत फिरवली की झाकण वर यायचं आणि खाली गोठलेल्या चरबीचा पांढरा थर दिसायचा. लहानपणी मला ते तूपच वाटायचं.

पहिल्यांदा डबा आला तेव्हा आजीनं विचारलं, "कुनी रांधलं रं हे?"

काका म्हणाले, "मशिननं, आई."

"आन् मशीन कोन्या जातीचं?"

सगळे हसले. आजीही हसली, पण उत्तर मिळेपर्यंत तिनं पळी हातात घेतली नव्हती. "फौजेत सगळे एकाच ताटातलं खातेत आई," एवढंच काका म्हणाले आणि डबा पातेल्यात रिकामा केला.

आजीचा तो सवाल फौजेला नवा नव्हता हे मला पुढं वाचनात कळलं. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मेसोपोटेमियातल्या कुत अल अमारा इथं पुण्याची सहावी डिव्हिजन वेढ्यात अडकली होती. त्यात मराठा पलटणीही होत्या. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापायची वेळ आली. इंग्रज शिपायांनी ते खाल्लं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली. उपाशी माणूससुद्धा आधी विचारतो की हे काय आहे आणि कुणी केलंय. आजी तर भरल्या पोटी विचारत होती.

आता खायच्या तऱ्हा सांगतो.

एका डब्यात आम्ही अकरा माणसं. तेव्हा मटण वाढवायचं म्हणजे रस्सा वाढवायचा, आणि रस्सा वाढवायला आजीचा येसर. मराठवाड्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची आणि खडा मसाला खमंग भाजून दळलेलं पीठ म्हणजे येसर. डब्यातली चरबी आधी पातेल्यात वितळू द्यायची, त्यात ठेचलेला लसूण आणि कांदा, मग येसर कालवलेलं पाणी, आणि मटण सगळ्यात शेवटी. शेवटी का, तर ते आधीच शिजलेलं. जास्त ढवळलं की त्याचे धागे सुटायचे. रश्शाला दाट तवंग यायचा. बाजरीची भाकरी कुस्करून वर तो रस्सा ओतायचा. मटणाच्या दोन फोडी वाट्याला आल्या तरी भाकरी चार जायच्या.

त्यात हाड नसायचं. नळीसाठी भांडणाऱ्या आम्हा पोरांची पंचाईत व्हायची. वडील म्हणायचे, "नळी न्हाई, मग कसलं मटण!" आणि म्हणता म्हणता वाटी पुढं करायचे. पत्र्याचा एक बारीक वास यायचा, तो आजीच्या लसणानं झाकला जायचा. दुसऱ्या डब्याची तऱ्हा वेगळी. तो आई करायची. कांदा भरपूर, तेल थोडं, आणि मटण तव्यावर कोरडं होईपर्यंत परतायचं. ते पोळीत गुंडाळून आम्ही शेतात न्यायचो. तिसरा डबा उरलाच तर तांदळाच्या खिचडीत जायचा.

काका मात्र त्यातलं काही खात नसत. ताटात वाढलं तरी शेजारच्या पोराच्या ताटात सरकवायचे. त्यांना हवं असायचं पिठलं, मिरचीचा ठेचा, मेथीची भाजी आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकरी. पहिल्या आठवड्यात ते भाजीचं एक पानसुद्धा टाकत नसत. वर काय खायचे ते एकदाच सांगितलं त्यांनी. थंडीत अंडं दगडासारखं होतं, बटाटा फुटत नाही. रॉकेलच्या शेगडीवर बर्फ वितळवून पाणी करायचं, त्या पाण्यात डबा ठेवून गरम करायचा आणि हातमोजे घालून खायचा. उंचीवर भूक मरते. आज डबा, उद्या डबा, परवा डबा. "डबा बघितला तरी पोट भरायचं," असं म्हणायचे. मग तोच डबा ते वाचवून घरी आणायचे, कारण आमच्यासाठी ती चैन होती. आम्ही खात असताना ते बाजूला बाजेवर बसून नुसते बघायचे. त्या बघण्याचा अर्थ तेव्हा कळत नव्हता. आता माझा मुलगा पुण्याला मेसमध्ये जेवतो आणि सुट्टीत घरी येऊन कढीवर तुटून पडतो, तेव्हा थोडा कळतो.

रिकामा डबाही फेकला जात नसे. एकात आजी मीठ ठेवायची, एक शेळ्यांच्या खुराकाचं माप. आणि एक वडिलांनी शेतात मोकळ्या जागी खांबावर बसवला, पाऊस मोजायला. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा पर्जन्यमापक होतो. त्याचा व्यास किती याला महत्त्व नाही. रोज ठरल्या वेळेला पट्टी उभी करून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचायची. तोंड खालच्या बुडापेक्षा अरुंद किंवा रुंद असेल तर मात्र हिशोब चुकतो. झाड आणि भिंतीपासून लांब ठेवायचा, वाचून झाला की लगेच रिकामा करायचा. तुषार सिंचनाचं पाणी सगळीकडं सारखं पडतंय का हे बघायलाही शास्त्रज्ञ मंडळी असेच डबे ओळीनं मांडतात. ह्या पानावर मी पावसाचे आकडे टाकतो ती सवय तिथली.

तो डबा लडाखपासून गंगापूरपर्यंत, आणि त्याआधी कुठल्या कारखान्यापासून लडाखपर्यंत, न नासता यायचा कसा? ही युक्ती जुनी आहे आणि तीही फौजेसाठीच निघालेली. नेपोलियनच्या काळात फ्रान्स सरकारनं अन्न टिकवायच्या पद्धतीसाठी बक्षीस देऊ केलं. निकोला अपेर नावाच्या आचाऱ्यानं काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून, बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची रीत बसवली. १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडनं कल्हईच्या पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. गंमत अशी की डबा उघडायची किल्ली निघायला आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली. तोवर शिपाई छिन्नी-हातोड्यानं डबे फोडत. आणि अन्न टिकतं का, याचं खरं कारण लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात दाखवलं. म्हणजे रीत आधी आली, शास्त्र मागून. शेतीतही बऱ्याचदा असंच होतं.

कारण सोपं आहे. मांस नासतं ते जिवाणूंमुळं. डबा बंद करून तापवला की आतले मरतात आणि बाहेरचे आत जाऊ शकत नाहीत. पण एक जिवाणू चिवट आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हा आपल्या मातीतलाच. त्याचे बीजाणू १०० अंशाच्या उकळीलाही दाद देत नाहीत. हवा नसलेल्या बंद डब्यात, आंबट नसलेल्या अन्नात तो वाढतो आणि जे विष तयार करतो ते जिवावर बेततं. म्हणून मटणाचे डबे वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात, आणि ती उष्णता डब्याच्या पार मध्यापर्यंत पोचेल इतका वेळ ठेवतात. घरचा कुकर त्या तापमानाच्या जवळ जातो, पण डब्याच्या मधोमध काय झालं हे आपल्याला कळत नाही. त्यामुळं घरी बरणीत मटण भरून टिकवायचा उद्योग करू नका. आणि विकतचा डबा फुगलेला दिसला तर चव बघायलासुद्धा उघडू नका. फौजेसाठी अशा खाण्यावर काम करणारी संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा म्हैसूरला आहे, १९६१ पासूनची. आता पत्र्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी चिवट थैल्या आल्यात, तत्त्व तेच.

इथवर डब्याचं झालं. पण मटण टिकवायची दुसरी एक रीत आमच्या शिवारातच होती, वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. तिचं कौतुक कुणी करत नव्हतं.

माझ्या वर्गातला एक मित्र गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायचा. त्याच्या घराच्या मागच्या बाजूला, रस्त्यावरून दिसणार नाही अशी, एक दोरी असायची. तिच्यावर काळपट लाल पट्ट्या लोंबत असायच्या. चान्या. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या काढून, मीठ लावून, उन्हात कडक वाळवलेल्या. त्याची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, त्या गाडग्यात भरून ठेवायची. पावसाळ्यात कामं नसताना, घरात काही नसताना, ते गाडगं उघडायचं. निखाऱ्यावर चानी भाजली की चरचर आवाज यायचा. मग दगडानं ठेचायची म्हणजे धागे मोकळे होतात, आणि भाकरीवर मीठ-मिरचीबरोबर खायची. नाहीतर तुकडे करून तुरीच्या डाळीत शिजवायची. मूठभर चान्यांनी पातेलंभर डाळीला मटणाची चव येते. मला त्या डाळीची चव आजही तोंडपाठ आहे.

जुन्या काळी चान्या बहुतेक मेलेल्या गुराच्या असत. गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम ज्यांच्यावर लादलं होतं, त्यांच्याच वाट्याला ते मांस यायचं. एका दिवसात एवढं संपणार कसं, म्हणून वाळवायचं. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं आणि हजारो घरांनी ते सोडलं. त्या सोडण्यामागं माणूस म्हणून उभं राहण्याचा सवाल होता. त्यामुळं चान्यांची आठवण ही नुसती चवीची गोड आठवण नाही, हे भान ठेवूनच बोललं पाहिजे. धाराशिवकडचे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' ह्या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या ह्या सगळ्या खाण्याची आस्थेनं नोंद केलीय. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. आपल्या भागाची खाद्यसंस्कृती म्हणून फक्त पुरणपोळी आणि हुरडा सांगणाऱ्यांनी ते जरूर वाचावं.

मला मोठेपणी खटकत राहिलं ते हे. काकांचा डबा आणि मावशीची चानी, दोन्हींचं काम एकच. डब्यानं जिवाणू उष्णतेनं मारले, चानीनं त्यांचं पाणी तोडलं. डबा आम्ही अंगणात सगळ्यांसमोर उघडायचो, शेजाऱ्यांना वाटी पाठवायचो. चानीची दोरी मात्र घरामागं. एकाला फौजेची इज्जत होती. दुसऱ्याच्या मागं गाव नाक मुरडत उभं होतं. कारागिरीत मावशी कुठल्या कारखान्याला हार जात नव्हती.

पाणी तोडणं म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मोंढ्यात सोयाबीन नेलं की आधी ओलावा बघतात, १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव पडतो, कारण ओल्या मालाला बुरशी धरते. ताज्या मांसात साधारण पाऊण हिस्सा पाणीच असतं. ते उडवलं आणि वर मीठ घातलं की जिवाणूला प्यायला पाणी राहत नाही. गणित सोयाबीनचंच.

तोच मित्र आज माझा शेळ्यांच्या गोठ्यातला भागीदार आहे. आमच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत. शेळीवाल्यांचं दुखणं तुम्हाला माहीत आहे. आखाडात भाव, श्रावण लागला की गिऱ्हाईक गायब. उन्हाळ्यात चारा संपला की व्यापारी येतो आणि नगावर अंदाजानं भाव सांगतो. न विकावं तर खाऊ काय घालायचं? गेल्या वैशाखात आम्ही एक बोकड विकण्याऐवजी ठेवून घेतला आणि त्याच्या चान्या केल्या. २०१५ पासून राज्यात बैलही कापता येत नाही, तेव्हा आता वाळवायचं ते शेळीचंच. देखरेखीला मावशी. वय अठ्ठ्याहत्तर, नजर कमी, पण पट्टी बोटांनी चाचपून सांगायची की जाड झाली, अजून चीर. मी मोबाईलवर फोटो काढत होतो. ती म्हणाली, "तव्हा आमी लपवून वाळत घालायचो. आता तुमी फोटू काढायले."

मी फोटो काढायचा थांबलो. ती म्हणाली, "काढ की. मी कुठं नको म्हनले?"

आमच्या नोंदवहीतले आकडे असे. हाड आणि चरबी काढून ६ किलो मांस, वाळल्यावर १ किलो ६०० ग्रॅम. कडक उन्हात तीन दिवस लागले. ज्यांना घरापुरतं करून बघायचं असेल त्यांच्यासाठी मावशीची रीत आणि त्यात आम्ही घातलेली थोडी भर:

१. जनावर निरोगी हवं आणि मांस त्याच दिवसाचं. आजारी किंवा मेलेलं अजिबात नाही.

२. चरबी सगळी काढायची. ती वाळत नाही, खवट होते आणि बाकीच्याला बिघडवते.

३. पट्ट्या धाग्याच्या दिशेनं, करंगळीपेक्षा पातळ. भरपूर मीठ आणि हळद चोळायची. आम्ही त्याआधी पट्ट्या उकळत्या पाण्यातून चांगल्या काढल्या, म्हणजे वरचे जंतू मरतात.

४. चैत्र-वैशाखातच करायचं. हवा कोरडी असते. ढग आले की थांबायचं. भोवती मच्छरदाणीची जाळी, माशी बसता कामा नये. रात्री घरात घ्यायचं.

५. वाकवल्यावर मोडली की वाळली. नुसती वाकली तर अजून एक ऊन.

६. हवाबंद बरणीत ठेवायचं आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून बघायचं. वास बदलला, बुरशी दिसली की सगळंच टाकून द्यायचं. आणि खाताना नीट शिजवूनच.

विकायचा विचार असेल तर मात्र घरच्या दोरीवर भागणार नाही. अन्न परवाना लागतो, स्वच्छ जागा लागते, सौर वाळवणयंत्र लागतं, ओलावा मोजावा लागतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची मांसावर काम करणारी संस्था हैदराबादजवळ आहे, आपल्याला फार लांब नाही. आमचा विचार चाललाय की पाच-सहा शेळीवाल्यांनी मिळून तिकडं एकदा जाऊन यावं. एका बोकडानं नफ्या-तोट्याचा हिशोब लागत नाही, म्हणून आकडे फुगवून सांगत नाही. पण आखाडाची वाट न बघता, व्यापाऱ्याला "आज नाही द्यायचा" असं म्हणता आलं, हेच पहिल्यांदा झालं.

ज्यांच्या घरात फौजेतला डबा आलेला आहे, त्यांनी तो कसा खाल्ला ते लिहा. ज्यांच्या घरात चान्या होत्या त्यांनीही लिहा. तुमच्याकडं त्याला दुसरं नाव असेल तर तेही सांगा. कृषी पदवीधर मित्रांपैकी कुणी वाळवलेल्या मांसाचा ओलावा मोजून बघितला असेल तर आकडा हवाय. आमच्याकडचं यंत्र धान्याचं आहे, ते चानी घेत नाही.

तुरीचं पुढच्या नोंदीत. राम राम.